नाना रोह्याच्या बाकावर

माझे वडील बँकेत होते असं मी सांगते, तेव्हा पेणमधली जुनी माणसं जरा थांबतात आणि विचारतात, "म्हणजे कबड्डीवाले नाना?" बँकेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली, पण गावाने ती नोकरी म्हणजे त्यांचा जोडधंदाच धरला. बँकेतून सुटले की नाना पंधरा मिनिटांत मैदानावर. घरी येऊन घड्याळ आणि शर्ट तेवढा काढून ठेवायचे. आई चहाचा कप घेऊन दारातच उभी असायची, तो ते उभ्यानेच संपवायचे. आमची गल्ली गणपतीच्या कारखान्यांची. दोन्ही अंगांना फळ्यांवर वाळत ठेवलेले हात, सोंडा, उंदीर. त्यातून अंग चोरत नाना पुढे आणि मैदानाच्या रेषा आखायच्या फक्कीची बादली घेऊन मी मागे, अशी आमची रोजची वरात निघायची. कारखानेवाले दामूकाका मातीचे हात पुसत ओरडायचे, "नाना, जपून! बाप्पाचा हात तुटला तर तुमचाच लावीन." नाना हसायचे, पण चाल कमी करायचे नाहीत. मुलींचा संघ त्यांनी माझ्यासाठीच काढला असं गावात बोललं जायचं. नानांचं त्यावर एकच उत्तर असायचं, "संघाला सातजणी लागतात, माझ्याकडे एकच आहे."

नाना फार बोलणारे नव्हते. बँकेत त्यांची ख्याती होती ती सही ओळखण्यात. नमुन्याची सही काढून न बघताच ते सांगायचे की ही सही त्या माणसाची नाही, कारण तो 'प'ची गाठ अशी मारत नाही. मैदानावरही त्यांचा डोळा तसाच चालायचा. चढाईला आलेली पोर डावीकडे जाणार की उजवीकडे, हे ती मध्यरेषा ओलांडायच्या आत त्यांना कळायचं. आणि कळलेलं पोटात ठेवायची सवय तर बँकेनेच लावलेली. कोणाचं काय आहे, कोण कशासाठी साहेबांसमोर येऊन रडलं, हे आमच्या घरात कधीच कोणाला कळलं नाही. आई वैतागायची. तिच्या सख्ख्या मावसभावाने घर बांधायला काढलंय ही बातमी तिला भाजीवालीकडून कळली होती आणि नानांना ती चार महिने आधीपासून ठाऊक होती. "एका गिऱ्हाईकाचं दुसऱ्याला सांगायचं नसतं," एवढंच ते म्हणाले. "मी गिऱ्हाईक हाय का?" असं आईने विचारलं आणि दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

बढती त्यांनी दोनदा नाकारली होती. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे आमची शाळा, आईचं माहेर आणि मैदान, तिन्ही सुटणार. तिसऱ्यांदा साहेबांनी रोह्याचं नाव घेतलं तेव्हा मात्र ते हो म्हणाले. रोहा काय, एसटीने जाऊन येऊन करता येतं. वडखळचा फाटा, नागोठणं, रोहा, आणि संध्याकाळी तेच उलटं. घर पेणलाच राहिलं. पहिल्या महिन्यात ते वेळेवर परतायचे. दुसऱ्या महिन्यापासून एक गाडी उशिराने यायला लागले. आईने काही विचारलं नाही, पण त्यांच्या पायजम्याला लागलेली माती लाल होती आणि आमच्या मैदानाची काळी, एवढ्यावरून तिने ओळखलं. "तिथंपण सुरू केलंत ना?" ती म्हणाली. नानांनी मान खाली घालून जवळ्याच्या चटणीत भाकरी बुडवली आणि सांगितलं, की शाखेच्या मागेच एक मोकळी जागा आहे, पोरी नुसत्याच उड्या मारत असतात, त्यांना सांगणारं कोणी नाही. मला तेव्हा वाटलं, की आपल्या ताटातलं उचलून कोणीतरी शेजारच्या ताटात वाढलं. वय सोळा होतं. आता तसं वाटायचं काही कारण दिसत नाही, पण तेव्हा वाटलं हे खरं आहे.

त्यानंतर आमच्या घरात एक नियम आपोआप लागू झाला. नाना घरी रोह्याच्या संघाबद्दल बोलायचे नाहीत आणि रोह्यात आमच्याबद्दल. मी खोदून खोदून विचारायचे, "बऱ्या आहेत का हो त्या?" ते म्हणायचे, "खातात बऱ्या." रविवारी मात्र ते पूर्ण माझे असायचे. त्या एका उन्हाळ्यात त्यांनी मला उलटी लाथ शिकवली. चढाई करणारीने बचाव करणारीकडे पाठ करायची, ती निर्धास्त होऊन एक पाऊल पुढे आली की न बघता मागे लाथ मारायची, पाय लागला की ती बाद आणि आपण मध्यरेषेकडे पळायचं. ऐकायला सोपं आहे. माझी अडचण अशी होती, की लाथ मारायच्या आधी माझा दम चढायचा. कबड्डी, कबड्डी म्हणत असताना लाथेआधीचा तो एकच शब्द मोठ्याने बाहेर पडायचा आणि समोरचीला कळायचं की आता काहीतरी येतंय. ही खोड नानांनी मोडली. आमच्या मागच्या अंगणात, आईने पापड वाळत घातलेल्या खाटांच्या मधल्या जागेत, मी शेकडो वेळा लाथ मारली आणि ते डोळे मिटून दम ऐकत बसले. पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आता मलासुद्धा कळलं नाही." इतकी मोठी शाबासकी त्यांनी मला त्याआधी दिली नव्हती.

त्या हिवाळ्यात स्पर्धा आमच्या पेणलाच भरली. जिल्ह्याच्या संघाची निवड तिथूनच व्हायची होती आणि निवड समितीची तीन माणसं टोप्या घालून तीन दिवस बसून होती. अंतिम सामन्यात एका बाजूला आम्ही आलो आणि दुसऱ्या बाजूला रोहा. आदल्या दिवशी जेवताना मी नानांना विचारलं, "उद्या तुम्ही कुठे बसणार?" मला वाटलं होतं की ते लोकांत बसतील, किंवा निदान तसं म्हणतील. ते म्हणाले, "रोह्याच्या बाकावर. तुम्हाला शिकवायला इथे मंडळी आहेत. त्या पोरींबरोबर दुसरं कोणीच आलेलं नाही. त्यांच्या आईबापांनी माझ्या भरवशावर पाठवलंय." आईने माझ्याकडे बघितलं, मी भाताकडे बघितलं. मला ते पटलं होतं, आणि पटलं होतं म्हणूनच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर उतरले तर दामूकाका पहिल्याच रांगेत. "काय गो शैले," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाप रोह्याला देऊन टाकलास काय?" लोक हसले, मीही हसले. नाना रोह्याच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, बँकेत गिऱ्हाइकासमोर बसायचे तसे ताठ बसले होते. त्यांच्या संघात रोह्याजवळच्या निडीची एक मुलगी होती, सुगंधा. काळी, बुटकी, रुंद हातांची. तिचे वडील कंपनीत रोजंदारीवर होते आणि ती निडीहून रोह्याला सरावासाठी कधी गाडीने, कधी चालत यायची, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ती माझ्यासाठी फक्त डाव्या कोपऱ्यातली एक पोर होती. मध्यंतरापर्यंत तिचं माझ्यापुढे काही चाललं नाही. दोनदा मी तिच्याच बाजूला लाथ मारली आणि दोन्हीदा गुण घेऊन परतले. आमच्याकडे चार गुणांची आघाडी होती. निवड समितीतल्या एकाने वहीत काहीतरी लिहिलेलं मी पाहिलं, आणि ते माझंच नाव असणार असं मी स्वतःला सांगून टाकलं.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. पहिल्या चढाईला लाथ लागली आणि मी परतले. दुसरीला मी पाठ फिरवली, पाय उचलला, आणि तो उचलला जातोय तोवर सुगंधाचे दोन्ही हात माझ्या घोट्यावर होते. नशीब, म्हटलं. तिसऱ्या वेळी पुन्हा तेच. ती माझ्या पायाकडे झेपावली नाही, ती तिथे आधीच येऊन थांबली होती. दोन मिनिटं राहिली आणि आम्ही एका गुणाने मागे पडलो, तेव्हा चढाई माझीच होती. मी ठरवलं की लाथ मारायचीच नाही. मग ठरवलं की मारायची, कारण आता तिला वाटणार नाही. कबड्डी, कबड्डी, आवाज एकसारखा, अंगणातल्यासारखा. पाठ फिरवली. पाय जमिनीवरून सुटला आणि मी तोंडावर पडले. घोटा तिच्या मुठीत होता, माझा हात मध्यरेषेपासून वीतभर लांब होता आणि माझा दम तिथेच संपला. रोह्याचं अख्खं बाक उभं राहून नाचत होतं. नाना तेवढे बसून होते. मग त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. मातीत पडल्या पडल्या मी त्या दोन टाळ्या मोजल्या.

सामना हरणं मला नवं नव्हतं. पण त्या लाथेची वेळ जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस त्यांच्या बाकावर बसला होता.

त्याच संध्याकाळी त्या सगळ्या पोरी आमच्या घरी जेवायला होत्या. आईने हे आधीच ठरवून टाकलं होतं, कोण जिंकतं याच्याशी त्याचा संबंध नव्हता. शेजारच्या दोघींना हाताशी घेऊन ती दुपारपासून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. वालाचं बिरडं, सुका जवळा, कांदा. दहाजणी आमच्या माजघरात भिंतीला पाठ लावून बसल्या आणि वाढायला मी. ढोपर फुटलेलं, त्यावर आईने हळद दाबलेली. सुगंधा मान खाली घालून जेवत होती. मी तिच्या ताटात भाकरी टाकली, ठेवली नाही, टाकली. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "अजून एक वाढ गो, सकाळपासून काय खाल्लेलं नाय." मी वाढली. नाना दारात उभे राहून कोणाला काय हवंय ते बघत होते आणि एसटीची वेळ सांगत होते. माझ्याकडे त्यांनी दोनतीनदा बघितलं असावं. मी नजर मिळू दिली नाही.

पोरींना गाडीत बसवून ते परत आले, तेव्हा मी ओट्यावरच बसले होते. "तुम्ही तिला सांगितलंत," मी म्हणाले.

"नाही."

"मग तिला कळलं कसं?"

नाना चपला काढता काढता थांबले. "ते मला पण कळलं नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, खरोखरच कोड्यात पडल्यासारखा होता. पण मी ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. मी म्हणाले, की एका गिऱ्हाईकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही हे तुमचं फक्त बँकेपुरतं दिसतं. आईने आतून "शैला!" अशी हाक मारली. नानांनी चपला जागेवर ठेवल्या. ते आत गेले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. आई म्हणाली, "त्यांनी सांगितलं असतं तर सांगितलं म्हणून कबूल केलं असतं. एवढ्या वर्षांत एवढं तरी कळलंय मला." मला ते तेव्हा कळत नव्हतं. आजही एखाद्याला खोटं ठरवायची घाई झाली की मला आईचं ते वाक्य आठवतं. आठवून मी नेहमीच थांबते असं मात्र नाही.

त्यानंतर सहा आठवडे मी त्यांच्याशी धड बोलले नाही. चहा नेऊन द्यायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे, पण फक्कीची बादली उचलायची सोडली. रविवारी ते अंगणात येऊन खाटा सरकवून ठेवायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि पुन्हा खाटा जागेवर लावायचे. मी हे खिडकीतून बघायचे. मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं, दोन्ही एकाच वेळी. लाथ मारायची मी बंदच केली होती. खेळात मी आता साधी, भित्री चढाई करायचे, हात लावला तर लावला नाहीतर परत. आमच्या शिक्षकांनी विचारलं, तर मी ढोपराचं कारण पुढे केलं. नानांनी काहीच विचारलं नाही, आणि त्यांनी विचारावं असं मला फार वाटत होतं.

जिल्ह्याच्या शिबिरासाठी पत्र आलं ते दोघींना, मला आणि सुगंधाला. शिबिर रोह्यातल्या एका शाळेत होतं. वर्गातले बाक कडेला ओढून सतरंज्या टाकलेल्या, आणि नेमकी माझ्या शेजारची सतरंजी तिची. पहिले दोन दिवस मी मूग गिळून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी नळावर कपडे धूत होतो, तेव्हा तिनेच विचारलं, "तू लाथ का मारत नाय आता?"

"तू धरतेस म्हणून," मी म्हणाले. "तुला नानांनी शिकवलंय ना, माझी लाथ कधी येते ते."

ती हातातलं पिळायचं थांबली. "सरांनी? सरांनी तुझा विषयच कदी काढला नाय. आमी विचारला तर म्हणायचे, ती चांगली खेळते, तुमी तुमचा बघा." मग ती इकडेतिकडे बघून जवळ सरकली. "आता आपण एकाच संघात हाव म्हणून सांगते. मी तुज्याकडं बघतच नव्हते गो. मी सरांकडं बघत होते."

मला कळेना. तिने ओल्या हाताने फरशीवर मैदान आखून दाखवलं. पहिल्या डावात रोह्याचं बाक तिच्या पाठीमागे होतं, त्यामुळे तिला काही दिसलं नाही. बाजू बदलल्यावर ते बाक तिच्या थेट समोर आलं, मध्यरेषेच्या पलीकडे, आणि त्यावर नाना. "तू पाठ केलीस की तुज्या मागं सर दिसायचे. तोंड असा दगडासारखा. पण तू लाथ टाकायच्या आदी त्यांचा उजवा पाय हलायचा. टाच उचलायची नि चप्पल सुटायची. पहिल्या खेपेला नुसता दिसला. दुसऱ्या खेपेला मी तुज्या पायाची वाट नाय बघितली, त्यांच्या बघितली." ती हसली, मग माझं तोंड बघून हसायची थांबली. "त्यांना म्हायती नाय गो," ती म्हणाली. "त्यांचा त्यांना कळत पण नसंल. तुज्यासंगती लाथ मारीत होते ते."

मी नळ चालूच ठेवून बसून राहिले. शेवटी तिनेच तो बंद केला. मला खूप लाज वाटली, आणि त्या लाजेच्या वर आनंदही होता, तो लपवायला मी तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा लाथ मारायला लागले.

घरी आले त्या दिवशी जेवताना मी म्हणाले, "नाना, तुमचा पाय हलतो." त्यांना समजलं नाही. मी सुगंधाने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, की त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. आई हसायलाच लागली, "अहो, तुम्हीच दिलंत पोरीला पकडून!" नाना हसले नाहीत. त्यांनी ताटावरून वाकून आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. दुसऱ्याच्या हाताची एक रेघ चुकलेली ज्याला दिसायची, त्या माणसाला स्वतःचा पाय माहीत नव्हता. मग म्हणाले, "भात वाढ."

जिल्ह्याचा पहिला सामना होता तेव्हा नाना आले. माझी चढाई आली आणि मी मध्यरेषेपाशी उभी राहिले, तर ते बाकावरून उठले आणि पाठ फिरवून उभे राहिले. मागे हात बांधून, तोंड लोकांकडे. मला वाटलं कोणीतरी हाक मारली असेल. पुढच्या चढाईला पुन्हा तेच. लोकांना चेष्टेला विषय मिळाला. कोणी म्हणे नानांनी नवस बोललाय, कोणी म्हणे पोरगी पडलेली बघवत नाही. दामूकाका एकदा ओरडले, "नाना, इकडं बघा की, पोरगी तुमची हाय!" नाना म्हणाले, "ऐकतोय मी." मी त्यांना घरी सांगून बघितलं, की लांब बसा, लोकांत बसा, तिथे कोण तुमच्या पायाकडे बघतंय. ते म्हणाले, "एकीने बघितलं ना?"

मी जिल्ह्याकडून चार वर्षं खेळले. नाना रजा काढून प्रत्येक सामन्याला आले. सुगंधा पुढे राज्यापर्यंत गेली आणि तिच्या चढाया, पकडी ते बाकाच्या टोकाला बसून डोळे फाडून बघायचे. माझं लग्न ठरलं आणि शेवटचा सामना आला, तेव्हा मैदानावर उतरायच्या आधी मी त्यांच्यापाशी गेले. म्हणाले, "नाना, आज बघा. आज हरले तरी चालेल मला."

"मला नाही चालणार," ते म्हणाले.

चढाई आली आणि त्यांनी पाठ फिरवली. पांढरा शर्ट, मागे बांधलेले हात. मी दम घेतला आणि आत गेले. पाठ केली, मागची पोर एक पाऊल पुढे आली, आणि लाथ इतकी नीट बसली की मला स्वतःलाच ती मारल्यासारखी वाटली नाही. लोक ओरडले. त्या ओरडण्यावरूनच त्यांना कळलं असणार, कारण नाना वळले तोवर मी मध्यरेषा ओलांडून परत आले होते.